उपनगर निवडताना: नकाशावरचे अंतर आणि घड्याळातले अंतर

मोठ्या शहरात नोकरी लागते, रुजू होण्याची तारीख तीन-चार आठवड्यांवर येऊन ठेपते आणि माणूस नकाशा उघडून बसतो. कचेरी जिथे आहे तिथे तो बोट ठेवतो, आसपासची भाडी पाहून दचकतो आणि बोट हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकवू लागतो. भाडे जिथे खिशाला झेपते तिथे बोट थांबते आणि त्या ठिकाणी जे उपनगर असेल तेच आपले, असे मनाशी ठरून जाते. या पद्धतीत एकच चूक आहे, पण ती मुळातच आहे: जो प्रश्न घड्याळाला विचारायला हवा होता, तो नकाशाला विचारला गेलेला असतो. उपनगर निवडताना घराइतकाच आपण आपला सकाळचा आणि संध्याकाळचा वेळही भाड्याने घेत असतो, आणि त्याचा दर जाहिरातीत छापलेला नसतो.

शहराच्या मध्यापासून दूर जाऊ तसे भाडे का उतरते, हे आधी समजून घ्यावे. योहान फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदार-अर्थतज्ज्ञाने १८२६ मध्ये शेतजमिनीच्या बाबतीत असे मांडले की बाजारपेठेपासून जितके दूर जावे तितका माल वाहून नेण्याचा खर्च वाढतो, आणि म्हणून शेतकरी त्या जमिनीसाठी तितका कमी खंड द्यायला तयार होतो. विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये हाच विचार शहराला लावला. शेतमालाच्या जागी रोज कामावर जाणारा माणूस ठेवला, की उपनगरांच्या भाड्याचे गणित बरेचसे उलगडते. दूरचे घर स्वस्त असते, कारण तिथल्या रहिवाशाला उरलेली किंमत प्रवासाच्या रूपाने रोज चुकवावी लागते. म्हणजे ती स्वस्ताई हा घबाड हाती लागण्याचा प्रकार नसून पुढे सोसाव्या लागणाऱ्या त्रासाची आगाऊ दिलेली भरपाई असते.

ही भरपाई पुरेशी असती तर तक्रारीचे कारण नव्हते. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुटझर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीची आकडेवारी तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटेच चित्र समोर आले. लांबचा प्रवास करणारी माणसे आपल्या आयुष्याबद्दल सरासरीने कमी समाधानी होती. स्वस्त किंवा प्रशस्त घराने आणि चांगल्या पगाराने जी भर पडायला हवी होती, ती पुरेशी पडलेली दिसत नव्हती. माझ्या मते याचे कारण साधे आहे. भाडे महिन्यातून एकदा, एका ठसठशीत आकड्यात समोर येते. प्रवास मात्र वीस-वीस मिनिटांच्या चिल्लरीत खर्च होतो आणि चिल्लरीचा हिशेब कोणी ठेवत नाही. तो एकदा ठेवून पाहावा. जाताना २० आणि येताना २० मिनिटे जास्त लागत असतील आणि वर्षात २३० दिवस कामावर जायचे असेल, तर वर्षाकाठी ९,२०० मिनिटे, म्हणजे सुमारे १५३ तास जातात. आठ तासांचा एक दिवस धरला तर हे कामाचे १९ दिवस झाले. दोन उपनगरांच्या भाड्यातला वर्षभराचा फरक या १९ दिवसांच्या शेजारी मांडावा आणि मग कोणते घर स्वस्त ते ठरवावे.

पैशाच्या बाजूनेही हाच धडा लागू आहे. घरखर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावा, हा ठोकताळा सर्वांना ऐकून माहीत असतो. शिकागो येथील सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने त्यात दुरुस्ती सुचवली: घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजावा आणि तो ४५ टक्क्यांच्या आत राहतो का ते पाहावे. आकडा देशोदेशी बदलेल, पण दोन्ही खर्च एकाच ओळीत लिहिण्याची सवय कुठेही उपयोगी पडते, विशेषतः दूरच्या उपनगरात राहण्यासाठी एक गाडी, किंवा दुसरी गाडी, घ्यावी लागणार असेल तेव्हा.

आता घड्याळाकडे वळू. जाहिरातीत ‘शहराच्या मध्यभागी अवघ्या ३५ मिनिटांत’ असे लिहिलेले असते आणि ते खोटे नसते, फक्त अपुरे असते. एखादी सकाळ जवळून पाहू. घराला कुलूप लावून, जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत ३ मिनिटे. स्थानकापर्यंत चालत ११. फलाटावर गाडीची वाट पाहण्यात ६. गाडीत २४. मग उतरून पूल ओलांडणे, दुसऱ्या फलाटावर जाणे आणि तिथे पुन्हा थांबणे, यात ९. दुसऱ्या गाडीत ११. स्थानकाबाहेर पडून कचेरीच्या दारापर्यंत ८. बेरीज ७२ होते. जाहिरातीतली ३५ मिनिटे म्हणजे या यादीतील २४ आणि ११ हे दोनच आकडे, ज्या वेळात चाके फिरत होती तेवढाच वेळ. मोजायचा असतो तो दारापासून दारापर्यंतचा वेळ, आणि त्याचा अर्ध्याहून अधिक भाग चालण्यात व ताटकळण्यात जाऊ शकतो.

चालण्याबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींत स्थानकाचे अंतर चालण्याच्या मिनिटांत दिले जाते, आणि ८० मीटरला १ मिनिट हे प्रमाण नियमानेच ठरलेले आहे. त्यात चढ-उतार धरलेले नसतात आणि सिग्नलवर उभे राहण्याचा वेळही धरलेला नसतो. नियम असूनही अशी फट राहते. नियम नसेल तिथे ‘स्थानकापासून हाकेच्या अंतरावर’ म्हणजे किती, हे हाक मारणाऱ्याच्या घशावर अवलंबून राहते. म्हणून ते अंतर एकदा स्वतः, पाठीवर रोजचे दप्तर घेऊन, चालून पाहावे. नगररचनाकार साधारणपणे बसथांब्यासाठी ४०० मीटर आणि रेल्वे स्थानकासाठी ८०० मीटर हे सहज चालण्याचे अंतर मानतात, म्हणजे अनुक्रमे पाच आणि दहा मिनिटे. त्यापलीकडे गेल्यावर माणूस चालायचे टाळू लागतो, रिक्षा किंवा दुचाकी शोधतो, आणि प्रवासाच्या साखळीत आणखी एक कडी वाढते.

ताटकळण्याचे गणित तर याहून फसवे आहे. वेळापत्रकात ‘तासाला ६ बस’ असे लिहिलेले असते. म्हणजे दर दहा मिनिटांनी एक, म्हणजे सरासरी पाच मिनिटांची वाट, असा आपण हिशेब करतो. बस नेमाने आल्या तर तो बरोबर आहे. पण गर्दीच्या वेळी पुढची बस प्रवासी भरण्यात रखडते, मागची तिला येऊन गाठते आणि दोघी जोडीने येतात. समजा दर वीस मिनिटांनी अशी जोडी येते. बस तासाला सहाच आल्या, कागदावर काहीच चुकले नाही, पण थांब्यावर येणाऱ्या माणसाच्या वाट्याला आता वीस मिनिटांची मोकळी फट येते आणि त्याची सरासरी वाट दहा मिनिटांवर, म्हणजे बरोबर दुपटीवर जाते. वेळापत्रक पाहण्याऐवजी सकाळी साडेआठला त्या थांब्यावर अर्धा तास उभे राहून लागोपाठच्या दोन बसमधले अंतर टिपून घेतले, तर दहा संकेतस्थळांवर मिळणार नाही इतकी खरी माहिती हाती येते. थांब्यावर नेहमी येणारी माणसेही न विचारता बरेच काही सांगतात.

याच्याच जोडीला अनिश्चितता येते, आणि माझ्या मते उपनगराच्या निवडीत सर्वांत कमी लक्ष दिली जाणारी गोष्ट हीच आहे. ज्या प्रवासाला रोज ५५ मिनिटे लागतात आणि ज्याला कधी ४० तर कधी ८५ लागतात, अशा दोन प्रवासांत पहिला चांगला, जरी दुसऱ्याची सरासरी त्याच्याइतकीच किंवा थोडी कमी असली तरी. कारण वेळेवर पोहोचायचेच असेल तर दुसऱ्या प्रवासासाठी रोज ८५ मिनिटे आधी निघावे लागते, आणि लवकर पोहोचल्यावर उरलेल्या वेळाचे करायचे काय, हा प्रश्न वेगळाच. साधने बदलावी लागत असतील तर ही जोखीम वाढत जाते. प्रवासात तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा दहांपैकी नऊ दिवस सुरळीत पार पडतो असे धरले, तर तिन्ही सुरळीत पार पडण्याचे दिवस शंभरांत ७३ एवढेच उरतात. म्हणजे साधारण चार दिवसांतून एकदा कुठेतरी माशी शिंकणार. थेट गाडी असलेले उपनगर चार-पाच किलोमीटर दूर असले तरी ते बहुधा अधिक ‘जवळ’ असते, ते यामुळेच.

मग किती वेळ सोसण्याजोगा मानावा? चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये, याकोव्ह झहावी यांच्या आधीच्या कामाचा आधार घेऊन, असे मांडले की वाहने कितीही वेगवान झाली तरी माणूस दिवसाकाठी सुमारे एक तासच प्रवासात घालवत आला आहे. वेग वाढला की तो वेळ वाचवत नाही, शहर पसरवतो. माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो म्हणून पायी चालण्याच्या काळातली शहरे मध्यापासून अडीच किलोमीटरच्या आसपास मावत. पुढे ट्राम, रेल्वे आणि मोटार आल्या आणि शहरांचा घेर वाढत गेला. हा एक तास म्हणजे निसर्गनियम नव्हे, सरासरीचे निरीक्षण आहे, आणि प्रचंड मोठ्या शहरांत लाखो लोक याच्या दुप्पट वेळ घालवतात हे कोणीही पाहू शकतो. तरी मोजपट्टी म्हणून ते उपयोगी आहे. एका बाजूला अर्धा तास म्हणजे भाग्य, पाऊण तास म्हणजे ठीक, आणि त्यापुढचे प्रत्येक मिनिट आपण कशासाठी मोजत आहोत याचे उत्तर स्वतःला देता आले पाहिजे.

म्हणूनच पहिल्या दिवशी कचेरीभोवती वर्तुळ काढू नये. वर्तुळ अंतर दाखवते; आपल्याला हवी असते ती समान वेळेची रेषा, म्हणजे कचेरीपासून पाऊण तासात जिथपर्यंत जाता येते त्या सर्व ठिकाणांना जोडणारी रेषा. अशा नकाशाची कल्पना जुनी आहे; फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८८१ मध्ये लंडनहून निघाल्यावर जगात कुठे किती दिवसांत पोहोचता येते ते रंगांनी दाखवणारा नकाशा तयार केला होता. आज हे काम फोनवर होते. आपल्या शहरासाठी अशी रेषा काढली तर ती वर्तुळासारखी कधीच येत नाही. रेल्वेमार्गांच्या कडेने ती लांब बोटांसारखी बाहेर जाते आणि दोन मार्गांच्या मधल्या पट्ट्यात आत दबते. मोठ्या शहरांतले बहुतेक लोहमार्ग मध्यातून चाकाच्या आऱ्यांसारखे निघतात, त्यामुळे नकाशावर शेजारी असलेल्या दोन उपनगरांमध्ये जायला कधीकधी मध्यापर्यंत जाऊन परत फिरावे लागते. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे असतील आणि कचेऱ्या दोन दिशांना असतील, तर दोन्ही कचेऱ्यांच्या समान वेळेच्या रेषा एकावर एक ठेवून जो भाग दोन्हींत येतो तेवढाच विचारात घ्यावा. तो भाग बहुधा दोन मार्ग जिथे मिळतात त्या स्थानकाभोवती निघतो. तिथले भाडे चढे असते, पण ते दोन माणसांच्या वेळेत विभागले जाते.

रस्त्याने जाणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. नवा रस्ता किंवा उड्डाणपूल झाला की हे उपनगर वीस मिनिटांवर येईल, असे सांगणारे भेटतात आणि पहिले काही महिने ते खरेही ठरते. पण अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की शहरातल्या जलदगती रस्त्यावरची गर्दीच्या वेळची वाहतूक त्या रस्त्याची क्षमता भरेपर्यंत वाढत जाते, कारण मोकळा रस्ता दिसला की इतर मार्गांवरची, इतर वेळांची आणि इतर साधनांची माणसे तिकडे वळतात. येऊ घातलेल्या मेट्रोबाबत वेगळी अडचण असते. बेंट फ्लिव्हबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वाहतुकीच्या २५८ प्रकल्पांची तपासणी केली, तेव्हा दहांपैकी नऊ प्रकल्पांचा खर्च आधी सांगितला त्यापेक्षा जास्त निघालेला आढळला, आणि पैसा आटला की काम रेंगाळते हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. जे आज धावत आहे तेवढेच हिशेबात धरावे. जाता जाता आणखी एक बारीकसा मुद्दा: घर कचेरीच्या पश्चिमेला असेल तर सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी चालवताना दोन्ही वेळा सूर्य डोळ्यांवर येतो, घर पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा तो पाठीशी राहतो. दहा वर्षे गाडी चालवणाऱ्याला हा मुद्दा बारीक वाटणार नाही.

प्रवासाचा हिशेब जमला की पाच-सहा उपनगरे उरतात आणि मग ती प्रत्यक्ष पाहायची वेळ येते. इथे बहुतेकजण, मीही त्यातलाच, रविवारी सकाळी अकरा वाजता जातात. रविवारी सकाळी अकराला जगातले प्रत्येक उपनगर छान दिसते. मी एकदा असेच एक घर घेतले होते. झाडांनी भरलेला शांत रस्ता पाहून मन बसले. पहिल्याच आठवड्यात कळले की रात्री नऊनंतर स्थानकाच्या त्या बाजूचे दार बंद होते, त्यामुळे लांबच्या दाराने बाहेर पडून वळसा घालत यावे लागते, आणि ज्या झाडांवर मी भाळलो होतो त्यांनीच रस्त्यावरचे दिवे झाकून टाकले होते. सहा मिनिटांचा रस्ता अंधारात पंधरा मिनिटांचा झाला. तेव्हापासून माझा नियम असा आहे की उपनगर कामाच्या दिवशी पाहावे, आणि तेही रात्री आठ-नऊच्या सुमारास, कचेरीपासून निघून, दमलेल्या अवस्थेत. वाटेत दुकाने उघडी आहेत का, एकटी स्त्री किंवा म्हातारा माणूस निवांत चालताना दिसतो का, पदपथ अखंड आहे की मध्येच गाड्यांनी अडवला आहे, हे त्या पंधरा मिनिटांत आपोआप समजते.

पाहणीच्या वेळी डोळ्यात भरणाऱ्या गोष्टींना आपण अवास्तव वजन देतो, याचाही पुरावा आहे. डॅनियल कानेमान आणि डेव्हिड श्काडे यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना समाधानाबद्दल विचारले. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना वाटत होते की चांगल्या हवामानामुळे कॅलिफोर्नियातले लोक अधिक सुखी असतील. प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याबद्दलचे समाधान दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. दोन जागांची तुलना करायला बसलो की त्यांच्यातला उठून दिसणारा फरकच मनात मोठा होत जातो. खिडकीतून दिसणारे तळे आपण दोन आठवड्यांत पाहायचे विसरतो. घराखालच्या चौकातला भोंगा आपण विसरू शकत नाही, कारण तो दर वेळी वेगळ्या क्षणी वाजतो.

आवाजाची गोष्ट निघालीच आहे तर तिचे एक गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरील वाहतुकीचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे. वाहत्या रस्त्यापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ३ डेसिबलनेच उतरतो, म्हणजे २० मीटरवरचे घर सोडून ४० मीटरवरचे घेतले तर कानाला फरक जेमतेम जाणवतो. त्यापेक्षा मध्ये एक इमारत आड येणे, किंवा निजायची खोली मागच्या बाजूला असणे, कितीतरी अधिक कामाचे. हवेचे तसे नाही. महामार्गाच्या धुराचे प्रमाण पहिल्या काहीशे मीटरांत बरेच खाली येते, त्यामुळे लहान मुले किंवा दम्याचे रुग्ण घरात असतील तर रस्त्यापासून दोन-तीन गल्ल्या आत सरकणे खरोखर उपयोगी ठरते.

पाणी तुंबण्याबाबत एक शब्दप्रयोग फार दिशाभूल करतो. एखादा सखल भाग ‘शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या’ रेषेत आहे असे सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते, मागच्या वेळी येऊन गेला, आता आपल्या हयातीत यायचा नाही. त्याचा अर्थ तसा नसतो. त्या पातळीचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ; गेल्या वर्षी तो आला असला तरी यंदाही शक्यता १ टक्काच राहते. तीस वर्षांच्या मुदतीच्या कर्जावर घर घेणाऱ्यासाठी ती एकूण सुमारे २६ टक्के होते, म्हणजे चारांत एक. भाड्याने राहणाऱ्याची जोखीम कमी वर्षांची असल्याने लहान असते. तरी तळमजल्याच्या भिंतीवर ओलीची आडवी रेघ दिसते का आणि जुन्या दुकानदारांनी उंबरे उंच करून घेतले आहेत का, हे पाहायला काही खर्च येत नाही.

शाळा आणि दवाखाना यांविषयी थोडक्यात एवढेच, की त्यांचे अंतरही दारापासून दारापर्यंतच मोजावे. मूल सहा वर्षांचे असेल तर शाळेची वाट ही पालकाच्या रोजच्या प्रवासातली पहिली कडी असते. काही शहरांत शाळेचा प्रवेश राहत्या पत्त्याशी बांधलेला असतो, आणि तिथे ती सीमारेषा कोणत्या गल्लीतून जाते हे घरमालकाला किंवा दलालाला न विचारता शाळेलाच विचारावे.

इतके करूनही पहिली निवड चुकू शकते, कारण नव्या शहरात आपले मित्र, कामाचे तास आणि शनिवारची संध्याकाळ कुठे असेल हे आपल्यालाच ठाऊक नसते. म्हणून पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नये, आणि भाडेकरारात एक-दोन महिन्यांच्या पूर्वसूचनेवर जागा सोडण्याची मुभा आहे का ते सही करण्याआधी वाचावे. तशी मुभा मिळत असेल तर मी थोडे जास्त भाडे आनंदाने देईन. मोठे कपाट, जड पलंग असले सामानही त्या वर्षी जुन्या घरीच राहू द्यावे आणि सहा महिन्यांनी, एखाद्या बुधवारी, कुलूप उघडण्याच्या क्षणी घड्याळ पाहावे.